पॅनोरमात चालती माणसं अर्धी कापली जातात किंवा दोनदोनदा दिसतात, त्यावर काय करायचं

चौकाच्या पॅनोरमाच्या, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेल्या रुंद फोटोच्या, नऊ फ्रेम जोडून झाल्या, छोट्या आकारात बघितलं तर चौक एकदम झकास दिसतोय, सांधा कुठे आहे ते कळत पण नाही, आणि मग शंभर टक्क्यांवर झूम करून डावीकडून सरकत आलो तर लाल छत्री घेऊन चाललेल्या एका बाईंची छत्री आणि खांदे जागेवर, कमरेखाली मात्र नुसती फरशी. फरशीवर त्यांची सावली पण पडलेली, पूर्ण सावली, आणि तिच्यावर माणूस नाही. चार पावलं पुढे त्याच बाई परत दिसतात, या वेळी पुसट, मागची रेलिंग त्यांच्या अंगातून आरपार दिसतेय. हे ज्यांनी भोगलंय त्यांना माहितीय की दुसऱ्यांदा जोडून बघा, वेगळं सॉफ्टवेअर वापरून बघा, सेटिंग बदलून बघा, एक माणूस नीट झाला की दुसरा कापला जातो. मी बरीच वर्षं याच चक्रात होतो आणि मला खरंच वाटतं की यातून बाहेर पडायचा रस्ता अवघड नाहीये, फक्त आपण चुकीच्या जागी शोधत असतो.

मुद्दा एवढाच की हलणारी प्रत्येक गोष्ट पूर्णच्या पूर्ण एकाच फ्रेममधून आली पाहिजे, आणि दोन फ्रेममधला सांधा अशा जागेवरून गेला पाहिजे जिथे दोन्ही फोटोंमधे काहीच हललेलं नाही. सॉफ्टवेअरला माणूस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे माहीत असेलच असं नाही, ते आपण त्याला सांगायचं असतं.

पण आधी नक्की काय बिघडलंय ते बघा, कारण तीन वेगळे आजार दिसायला सारखेच दिसतात. कापलेल्या माणसाच्या शेजारी जे अजिबात हलत नाही ते बघायचं, म्हणजे दिव्याचा खांब, रेलिंग, फरशीची रेघ. ते सगळं सरळ आणि एकसंध असेल आणि फक्त माणूस बिघडलेला असेल तर तो हालचालीचा प्रॉब्लेम आहे, याच्यावर मास्कचं, म्हणजे फोटोचा कुठला भाग घ्यायचा आणि कुठला नाही हे आखून देण्याचं, औषध लागू पडतं. जवळची रेलिंग तुटलीय पण लांबची इमारत व्यवस्थित आहे, असं असेल तर तो पॅरालॅक्स आहे, म्हणजे कॅमेरा फिरवताना लेन्स स्वतःच्या जागेवरून सरकली. हातात धरून काढताना आपण कंबरेतून वळतो आणि कॅमेरा हातभर लांब मोठं वर्तुळ फिरतो, त्यामुळे हे होतं. ट्रायपॉडवर स्लायडर लावून लेन्सचा नो-पॅरालॅक्स पॉइंट, म्हणजे ज्या बिंदूभोवती फिरवलं की जवळचं-लांबचं एकमेकांपासून सरकत नाही, ज्याला सगळे नोडल पॉइंट म्हणतात, तो फिरण्याच्या अक्षावर आणायचा, आणि हातातच असेल तर कॅमेरा जागेवर ठेवून आपण त्याच्याभोवती फिरायचं. आणि तिसरं म्हणजे लांबची इमारत, क्षितिज, सगळंच त्या सांध्यापाशी दुहेरी दिसतंय, तर तिथे कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंमधल्या एकाच जागेच्या जुळवलेल्या खुणा, चुकलेत.

या तिसऱ्यावर थोडं थांबतो कारण मी स्वतः यात फार वेळ घालवलाय. समुद्रकिनाऱ्याचा एक पॅनोरमा होता, सहा फ्रेम, ट्रायपॉडवर, सगळं मोजून मापून, तरी क्षितिजाला एका ठिकाणी पायरी पडायची. मी ट्रायपॉडला दोष देत राहिलो, लेव्हल परत परत तपासली. शेवटी त्या दोन फ्रेममधले कंट्रोल पॉइंट उघडून बघितले तर अर्ध्याहून जास्त ढगांवर बसलेले. आता असं वाटेल की सॉफ्टवेअर चुकीचे पॉइंट गाळतं ना, गाळतंच, पण ते बहुमतावर चालतं. एखादा पॉइंट माणसाच्या टोपीवर असेल तर तो बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून बाहेर पडतो. ढग मात्र सगळे मिळून एकाच दिशेला एकाच वेगाने सरकतात, त्यांचं आपापसात एकदम जुळतं, आणि त्यांची संख्या जास्त असली तर सॉफ्टवेअर ढगांनाच स्थिर मानून जमीन सरकवतं. पाण्याच्या लाटा, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेलं गवत, हळू सरकणारी ट्रेन, सगळ्यांचं हेच. म्हणून हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरमधे कंट्रोल पॉइंटची यादी उघडायची, अंतरानुसार लावायची, सगळ्यात वाईट असलेले बघायचे आणि मग ओव्हरलॅप असलेल्या, म्हणजे काही भाग दोन्हीत सारखा असलेल्या, फ्रेमच्या प्रत्येक जोडीत डोळ्यांनी तपासायचं की पॉइंट कशावर बसलेत. ढगांसाठी हगिनमधे सेलेस्ट म्हणून वेगळी सोय आहे, ती ढगांवरचे पॉइंट शोधून काढून टाकते, पण पाण्यावरचे तुम्हालाच काढावे लागतील. काढून झाल्यावर खडक, इमारतीचे कोपरे, लांबचे खांब यांच्यावर हाताने पाचसहा पॉइंट टाका आणि परत ऑप्टिमाइझ करा, म्हणजे सॉफ्टवेअरला फ्रेम नव्याने जुळवू द्या. ही पायरी आधी झालीच पाहिजे, अलाइनमेंट चुकलेली असताना मास्क रंगवत बसलात तर सगळी मेहनत वाया जाते.

आता हालचालीकडे. ती कॅमेऱ्याच्या बाजूने समजून घेतली की काढतानाच निम्मं काम होतं. साधा हिशोब करून बघू. फुलफ्रेम कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, कॅमेरा उभा धरलाय, माणसं साधारण १२ मीटरवर. एका फ्रेममधे तिथली आठ मीटरच्या आसपास रुंदी मावते. नेहमीचा ३० टक्के ओव्हरलॅप ठेवला तर तो पट्टा झाला अडीच मीटरचा. माणूस रमतगमत नाही पण घाईतही नाही अशा चालीने सेकंदाला १.४ मीटर जातो, म्हणजे दोन सेकंदांच्या आत त्याने ओव्हरलॅप पार केला. आपण कॅमेरा फिरवून, लेव्हल बघून पुढचा फोटो काढेपर्यंत तीन सेकंद सहज जातात आणि तेवढ्यात तो चार मीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे ओव्हरलॅपमधे दोन्ही फोटो जुळतील अशी अपेक्षाच ठेवायला नको, तिथे एकात माणूस असणार आणि दुसऱ्यात नसणार, आणि बरेचदा एकात अर्धाच असणार कारण फ्रेमची कड त्याच्यातून गेलीय.

याच हिशोबातून दिशेचं पण कळतं. तुम्ही डावीकडून उजवीकडे कॅमेरा फिरवताय आणि माणूसही डावीकडून उजवीकडेच चाललाय, तर प्रत्येक फोटोत तो परत परत हजर, कारण कॅमेरा तीन सेकंदात साडेपाच-पावणेसहा मीटर पुढे जातो आणि तो चार मीटर. तीनतीन, चारचार वेळा तोच माणूस. त्याच्या उलट दिशेने कॅमेरा फिरवलात तर एकमेकांना ओलांडायचा वेग बेरजेत धरायचा, जवळपास दहा मीटर, आणि फ्रेम आठच मीटरची, त्यामुळे तो फार तर एकाच फोटोत सापडतो. म्हणून जिकडे बहुतेक लोक चाललेत त्याच्या उलट दिशेने पॅन करायचं, हे मी आता डोळे झाकून करतो. गर्दी दोन्ही बाजूंनी वाहत असेल तर जी रांग कॅमेऱ्याच्या जवळ आहे तिच्या उलट जायचं कारण जवळची माणसं मोठी दिसतात आणि त्यांच्यातलाच बिघाड पहिल्यांदा डोळ्यात भरतो.

ओव्हरलॅप मी अशा ठिकाणी ५० टक्के ठेवतो. फ्रेम जास्त लागतात, पण प्रत्येक जागा किमान दोन फोटोंमधे येते आणि सांधा फिरवायला ऐसपैस जागा मिळते, ३० टक्क्यांच्या चिंचोळ्या पट्टीत एखादा धिप्पाड माणूस उभा असला तर त्याला वळसा घालायला जागाच नसते. आणि प्रत्येक ठिकाणी एकच फोटो काढून पुढे जाऊ नका, तीनचार काढा, मधे दोनेक सेकंद सोडून. कार्डवर जागा जाते तेवढीच, पण नंतर मास्क करताना त्या रिकाम्या फरशीचा फोटो हातात असला की जीव भांड्यात पडतो. एखादी व्यक्ती चित्रात महत्त्वाची वाटत असेल, ती छत्रीवाली बाई किंवा फुगेवाला, तर तिच्यासाठी वेगळी फ्रेम काढायची, ती व्यक्ती बरोबर मधोमध घेऊन, नेहमीच्या टप्प्यांचा विचार न करता. हा जादाचा फोटो बाकीच्यांसोबतच जोडता येतो, काही अडचण येत नाही, आणि ती व्यक्ती फ्रेमच्या कडेपासून लांब असल्यामुळे तिच्याभोवती सगळीकडून मोकळी जागा मिळते.

एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरवून ठेवलेला, फोकस एकदा करून लॉक. हे सगळ्या पॅनोरमांना लागू आहे पण इथे जास्तच, कारण मास्क लावल्यावर सांधा वेडावाकडा कुठूनही जातो आणि उजेडात थोडाही फरक असला की माणसाच्या भोवती ठिगळ दिसतं. शटर चालणाऱ्या माणसांना १/२५० पुरतं, सायकल असेल तर अजून वर जा.

आता जोडताना. हगिन वापरत असाल तर इंटरफेस सिंपलवर असेल तो बदलून अॅडव्हान्स्ड करा, म्हणजे मास्कचा टॅब दिसायला लागेल. आधी मास्क न लावता एकदा जोडा, फास्ट प्रीव्ह्यूमधे डिफरन्स मोड लावून बघा. जिथे दोन फोटो जुळतात तिथे काळं दिसतं आणि जिथे काहीतरी हललंय तिथे उजळ आकार दिसतात, माणसांचे आकार अगदी चटकन ओळखू येतात. ते कागदावर टिपून घ्या की कुठल्या दोन फ्रेममधे कोण आहे. मग प्रत्येकाबद्दल ठरवायचं, हा कुठल्या फोटोत पूर्ण आहे. ज्यात पूर्ण आहे त्या फोटोवर त्याच्याभोवती बहुभुज काढून इन्क्लूड रीजन करायचं, म्हणजे त्या जागेला फक्त हाच फोटो वापरला जातो. तोच माणूस पुढच्या फोटोत दुसऱ्या जागी परत दिसत असेल तर तिथे त्याच्यावर एक्स्क्लूड रीजन, म्हणजे ती जागा दुसऱ्या फोटोतून, रिकामी, येते. पीटीगुई या जोडायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधे हेच हिरव्या आणि लाल रंगाने रंगवून करायचं, लाल म्हणजे नको आणि हिरवं म्हणजे हवंच. एक गोष्ट विसरू नका, एकाच जागेला झाकणाऱ्या सगळ्याच फोटोंवर एक्स्क्लूड लावलंत तर तिथे काळं भोक पडतं. ते भोक पडलं की समजायचं तुमच्याकडे रिकाम्या जागेचा फोटोच नाहीये, आणि मग त्या जादा काढलेल्या तीनचार फोटोंकडे वळायचं.

मास्क काढताना माझ्याकडून सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक म्हणजे माणसाला घट्ट चिकटून रेघ ओढायची. तसं करू नका. ब्लेंडिंगची, म्हणजे फ्रेम एकमेकांत मिसळायची, जी पद्धत हगिनसोबत येणारं एनब्लेंड वापरतं ती १९८३ साली बर्ट आणि अॅडल्सन यांनी मांडली, तिच्यात बारीक तपशील अगदी अरुंद पट्टीत मिसळतात पण रंग आणि उजेडाचे मोठे भाग लांबपर्यंत एकमेकांत पसरतात. म्हणून काळा कोट घातलेल्या माणसाला चिकटून सांधा गेला की माणूस अर्धा कापला जात नाही खरा, पण त्याच्या शेजारच्या फरशीवर काळपट डाग पसरतो, आणि डाग कुठून आला हे तुम्ही शोधत बसता. चारी बाजूंनी मोकळी जागा सोडा, माणसाच्या अंगाच्या रुंदीइतकी तरी, आणि रेघ अशा ठिकाणावरून न्या जिथे दोन्ही फोटोंमधे एकसारखी साधी पृष्ठभाग आहे. फरशी असेल तर फरशीच्या रेघेवरूनच मास्क नेला की थोडं सरकलेलं असलं तरी दिसत नाही. भिंतीचा कोपरा, खांबाची कड, फुटपाथची कड, या सगळ्या आयत्या मिळालेल्या लपायच्या जागा आहेत.

आणि सावली. माणसासोबत त्याची पूर्ण सावली त्याच मास्कमधे आली पाहिजे. संध्याकाळी सावली माणसाच्या दुप्पट-तिप्पट लांब असते आणि ती शेजारच्या फ्रेमपर्यंत पोचते, त्यामुळे माणूस एका फोटोतला आणि सावली दुसऱ्यातली असं होतं, माझ्या छत्रीवाल्या बाईंचं तेच झालं होतं. ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब, दुकानाच्या काचेतलं प्रतिबिंब, तेही त्याच माणसाचा भाग धरायचा. माणूस काढून टाकलात आणि काचेत तो चालतच राहिला तर बघणाऱ्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही पण खटकतं.

फोटोशॉपमधे करत असाल तर फोटोमर्जमधे ब्लेंड इमेजेस टुगेदर ही खूण काढून टाका. मग सगळ्या फ्रेम जागेवर बसलेल्या पण न मिसळलेल्या लेयर म्हणून मिळतात. नको असलेला माणूस त्या लेयरवरून सरळ खोडून टाका, त्याच्याभोवतीची जागा धरून, आणि मग सगळे लेयर निवडून ऑटो ब्लेंड लेयर्स, पॅनोरमा. खोडलेली जागा रिकामी असल्यामुळे त्याला दुसऱ्या लेयरमधूनच भरावं लागतं. मूळ लेयरची कॉपी बाजूला ठेवून मग खोडा हे सांगायला नको. लाइटरूमचा मर्ज सोयीचा आहे पण त्यात सांधा कुठून जाणार हे हाताने ठरवता येत नाही, त्यामुळे माणसं असलेल्या दृश्याला मी तो वापरत नाही, निसर्गाला वापरतो.

गर्दी एवढी आहे की कोणाला ठेवायचं नि कोणाला काढायचं हे ठरवणंच अशक्य आहे आणि तुम्हाला मुळात रिकामी जागाच हवीय, तर मिडियन करा. ट्रायपॉड पाहिजेच. प्रत्येक टप्प्यावर नऊ-दहा फोटो, मधे दहा-पंधरा सेकंद सोडून, मग फोटोशॉपच्या स्क्रिप्ट्समधल्या स्टॅटिस्टिक्समधे मिडियन निवडून प्रत्येक टप्प्याचा एक रिकामा फोटो बनवायचा आणि नंतर ते जोडायचे. इमेजमॅजिक या मोफत सॉफ्टवेअरमधेही मिडियन होतं. हे चालतं कारण प्रत्येक पिक्सेलची मधली किंमत घेतली जाते, नऊपैकी जास्तीत जास्त चार फोटोंमधे एखाद्या जागी माणूस असला तरी तो पुसला जातो, पाचमधे असला तर राहतो. म्हणून बाकावर बसून गप्पा मारणारे जात नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्यांचं धड राहतं आणि हलणारं डोकं पुसट होतं. बसलेल्यांसाठी मिडियनवर वरून एक साधा फोटो टाकून मास्कने त्यांना परत जागेवर आणा.

पाण्याचं वेगळं. लाटांना इन्क्लूड-एक्स्क्लूड करत बसलात तर संपणारच नाही, कारण तिथे न हललेली जागाच नसते. दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे एनडी फिल्टर, लेन्समधे येणारा उजेड कमी करणारी काळी काच, दहा स्टॉपचा (दर स्टॉपला उजेड निम्मा) लावला की १/६० चं शटर सतरा सेकंदांवर जातं, पाणी सगळ्या फ्रेममधे सारखंच मऊ होतं आणि सांधा आपोआप लपतो. दुसरा म्हणजे लाटा गोठलेल्याच हव्यात तर फुटणारी लाट टोकापासून टोकापर्यंत एकाच फ्रेममधे घ्या आणि सांधा दोन लाटांच्या मधल्या सपाट पाण्यातून न्या, फेसाच्या रेघेला आडवं कापू नका, फेसाची पांढरी रेघ मधेच तुटली की लगेच दिसते. झाडांना फार घाबरायचं नाही, पानांच्या गर्दीत सांधा खपून जातो, फक्त आकाशावर उठून दिसणारी सुटी फांदी असेल तर ती एकाच फोटोतून घ्या.

फोनचा पॅनोरमा मोड मी मुद्दाम शेवटी ठेवला. फोन फिरवत असताना तो दृश्याच्या अरुंद उभ्या पट्ट्या जोडत जातो, प्रत्येक पट्टी वेगळ्या क्षणाची. त्यामुळे फोन ज्या दिशेला फिरतोय त्याच दिशेला चालणारा माणूस पट्टीत जास्त वेळ राहतो आणि ताणला जातो, उलट दिशेने येणारा दाबला जातो, कुत्र्याला पायांची भलतीच संख्या येते. १९०४ साली पेटंट मिळालेला सर्कट कॅमेरा पण असाच हळूहळू फिरायचा आणि शाळेच्या ग्रुप फोटोत एखादा मुलगा एका टोकाला उभा राहून मागून पळत दुसऱ्या टोकाला जायचा आणि दोन्हीकडे दिसायचा, तेच हे. इथे नंतर दुरुस्तीला काहीच हातात नसतं कारण लेयर मिळत नाहीत, एकच सपाट फोटो मिळतो. फोनवरच काढायचं असेल तर साधे वेगवेगळे फोटो काढा, स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आणि वर सांगितल्याप्रमाणे नंतर जोडा, निकालात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

माझ्या चौकाचं शेवटी असं झालं की बाई सहाव्या फ्रेममधे पूर्ण होत्या, छत्रीच्या टोकापासून सावलीच्या टोकापर्यंत, तिथे इन्क्लूड लावलं, मास्कची खालची कड फुटपाथच्या कडेवरून नेली आणि पाचव्या-सातव्यात जिथे जिथे त्या होत्या तिथे एक्स्क्लूड. त्यांच्या मागून येणारा सायकलवाला मात्र कुठल्याच फोटोत पूर्ण नव्हता, एकात पुढचं चाक आणि हँडल, दुसऱ्यात फक्त मागचं चाक. दोन्ही जोडून एक सायकल बनवायचा प्रयत्न करून बघितला, तो जमत नाही, चाकांमधलं अंतर आणि पायडलवरचा पाय जुळत नाही. त्या जागेचे जे जादा फोटो काढले होते त्यातला तिसरा रिकामा निघाला, तो दहावी फ्रेम म्हणून घातला, सायकलच्या दोन्ही तुकड्यांवर एक्स्क्लूड टाकलं, परत जोडलं, आणि मग पुन्हा शंभर टक्क्यांवर डावीकडून उजवीकडे सरकत आलो.